धर्मवस्त्राचा खरा साक्षी

अंगावर धर्माचे चिन्ह वागविणारा मनुष्य ते जगाला दाखविण्यासाठीच वागवितो, असे गृहीत धरून धर्मवेषाविषयीचे बहुतेक वाद लढविले जातात. परंतु ज्यू धर्माने तल्लीत या प्रार्थनेच्या शालीविषयी घालून दिलेले नियम पाहिले म्हणजे या गृहीताचा पायाच ढासळतो.

बायबलातील ‘गणना’ या ग्रंथाच्या 15 व्या अध्यायात वस्त्राच्या कोपऱ्यांना, म्हणजेच तल्लीतच्याही कोपऱ्यांना, गोंडे लावण्याची मोशेमार्फत दिलेली आज्ञा आहे आणि तिचे प्रयोजनही तेथेच सांगितले आहे: त्यांकडे पाहून ईश्वराच्या आज्ञांचे स्मरण व्हावे आणि डोळ्यांच्या व मनाच्या ओढीने मनुष्य बहकू नये. पाहणे हेच प्रयोजन असल्यामुळे रात्रीच्या वेळी या गोंड्यांची सक्ती नाही. आणि मृताला शालीत गुंडाळून दफन करताना अनेक समाजांत तिचा एक गोंडा तोडतात, कारण ज्याचे कर्तव्य संपले त्याला स्मरणाची गरज उरत नाही.

गोंड्यातील निळा धागा समुद्रातील एका प्राण्यापासून मिळणाऱ्या रंगाने रंगवावा, असा दंडक होता. साध्या निळीने रंगविलेला धागा हुबेहूब तसाच दिसे. तरीही, जो असा धागा अस्सल म्हणून लावील त्याचे शासन स्वतः ईश्वर करील, अशी ताकीद ताल्मुद या ज्यू धर्मग्रंथाने दिली. पुढे त्या रंगाची विद्या लुप्त झाली, तेव्हा या समाजाने नकली निळाईचा आश्रय न घेता शतकानुशतके पांढऱ्या धाग्यांवरच समाधान मानले.

याच्या अगदी उलट दाखला 1215 सालच्या चौथ्या लॅटेरन या ख्रिस्ती धर्मपरिषदेचा आहे. ख्रिस्ती राज्यांतील ज्यू आणि मुसलमान पोषाखावरून वेगळे ओळखू यावेत, असा हुकूम तिने काढला आणि ज्यूंच्या बाबतीत त्याला आधार म्हणून मोशेच्याच आज्ञेकडे बोट दाखविले. जे वस्त्र मनुष्याने आपल्या स्मरणासाठी पांघरावयाचे, ते इतरांनी त्याला हेरण्याचे साधन ठरले, आणि पुढे युरोपात ज्यूंच्या छातीवर सक्तीने बिल्ले चढले.

एकच आज्ञा एका हाती व्रत होते आणि दुसऱ्या हाती जुलूम होते, तेव्हा दोष वस्त्रात शोधणे व्यर्थ आहे. धर्मवेष पांघरणाऱ्याने त्याची रुजुवात आपल्या आचरणाशी घालावी. आणि सत्तेने तो कोणावर लादू नये, तसाच कोणाच्या अंगावरून उतरवूही नये.