सही द्यावी, पण कोणाला?



पुढील पत्र नमुन्यादाखल वाचावे.

"मी आपला फार मोठा चाहता आहे. आपले काम मला अतिशय आवडते. आपल्यासारखी दुसरी मॉडेल नाही. कृपया आपल्या सहीचे दोन-तीन फोटो मला पाठवावेत. फोटोवर माझे नाव घालू नये, नुसती सही करावी. माझा पत्ता खाली देत आहे. आपला आभारी."

अशा धर्तीची पत्रे अमेरिका, इंग्लंड, जर्मनी या देशांत मॉडेलिंग करणाऱ्या मुलींना वर्षानुवर्षे येत आली आहेत. पूर्वी ती टपालाने येत, आता ई-मेलने आणि इन्स्टाग्रामवर येतात. नामांकित मॉडेलला चाहत्यांची पत्रे यावीत यात नवल नाही. पण जिचे चार फोटो कुठल्याशा कपड्यांच्या कॅटलॉगात छापून आले आहेत, जिला तिच्या गल्लीबाहेर कोणी ओळखत नाही, तिलाही ती येतात. मुलगी हरखते. आपल्याला चाहता मिळाला, तोही परगावचा, म्हणून पत्र आईला दाखवते. स्वतःच्या पैशाने फोटो छापून घेते, सही करते, जाड पाकिटात घालून पाठवते. पुढे कधीतरी तोच फोटो इंटरनेटवरच्या लिलावात विक्रीला लागलेला तिला दिसतो. तेव्हा कळते की पत्र लिहिणारा चाहता नव्हता, तो फुकटात माल गोळा करणारा व्यापारी होता.

हा विषय आपल्या कौटुंबिक पानात कशाला, असे कोणी विचारील. आज आपल्याही घरांतल्या मुली साडीच्या दुकानाच्या जाहिरातीत उभ्या राहतात, नवरीच्या मेकअपसाठी फोटो काढून घेतात, मोबाईलवर रील करतात. त्यात वावगे काही नाही. मेहनतीचे काम आहे आणि त्याचा मोबदला मिळतो. पण परदेशातल्या मॉडेलला गाठणारे पत्र आपल्या मुलीच्या मोबाईलवर यायला आता ना पासपोर्ट लागतो ना टपालाचे तिकीट. म्हणून हे प्रकरण नीट समजून घ्यावे.

अर्जाची छाननी

आम्ही पेशाने कारकून. अर्ज आला की त्यातली गोड भाषा बाजूला ठेवायची आणि तपशील तपासायचा, ही आमची सवय. वरचे पत्रही त्याच नजरेने तपासू.

पहिली गोष्ट, पत्रात मुलीचे नाव नाही. असले तरी फक्त वरच्या ओळीत, म्हणजे नाव बदलून तेच पत्र दुसरीला पाठवता येते. दुसरी गोष्ट, "आपले काम आवडते" असे म्हटले आहे, पण कोणते काम, कोणता फोटो, तो कुठे पाहिला, याचा उल्लेख नाही. खरा चाहता हे सांगितल्याशिवाय राहत नाही. किंबहुना तो नको इतके सांगतो! तिसरी गोष्ट, मागणी एका फोटोची नाही, दोन-तीन फोटोंची आहे. भिंतीवर लावायला एक पुरतो. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. "माझे नाव घालू नये." ज्याला आठवण जपायची आहे त्याला आपले नाव हवेच असते. अमक्यास सप्रेम, असे लिहून मिळाले तर तो चार लोकांना दाखवील. नाव नको असते ते पुढे विकणाऱ्याला, कारण दुसऱ्याचे नाव घातलेल्या फोटोला गिऱ्हाईक कमी आणि भावही कमी.

काही पत्रे याहून चलाख असतात. आपण आजारी आहोत, आपला लहान मुलगा तुमचा भक्त आहे, असे त्यात लिहिलेले असते. कधी अक्षर मुद्दाम लहान मुलासारखे काढलेले असते. प्रत्येक आजारी माणूस खोटा नसतो, हे आम्ही जाणतो. पण दयेचा बाजार मांडणाऱ्याला दयाळू माणूस कुठे सापडतो हे पक्के ठाऊक असते, हेही तितकेच खरे.

जमाखर्च

आता वाणिज्य शाखेच्या पदवीला स्मरून थोडा हिशेब मांडतो. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, एका पत्राला उत्तर द्यायचे तर दोन फोटोंच्या छपाईला ८० रुपये, पुठ्ठा आणि पाकिटाला २० रुपये, टपालाला ५० रुपये, असे मिळून १५० रुपये लागले. वर्षात अशी २० पत्रे आली तर ३,००० रुपये मुलीच्या पदरचे गेले. शिवाय वेळ गेला तो वेगळाच.

आता समोरच्याची वही उघडू. त्याने एकदाच पत्र लिहिले आणि ५०० जणींना पाठवले. त्यातल्या २५ जणी भुलल्या आणि प्रत्येकीने दोन फोटो पाठवले, तरी ५० फोटो हाती आले. भांडवल शून्य, खरेदी शून्य, जी विक्री होईल ती सगळी नफा. त्यातली एखादी मुलगी पुढे नावारूपाला आली तर तिच्या सुरुवातीच्या सहीला आणखी भाव. धंदा म्हणून यात काही अडाणीपणा नाही. आक्षेप आहे तो खोटे बोलून माल घेण्याला. "मी विक्रेता आहे, इतके पैसे देतो, सही करून द्या," असे तो सरळ म्हणाला असता तर हो-नाही म्हणण्याचा हक्क मुलीकडे राहिला असता. चाहता होऊन त्याने तो हक्कच काढून घेतला.

मोठ्यांनी काय केले?

पाश्चात्त्य देशांत टपालाने सही मागवण्याची रीत जुनी आहे आणि मुळात ती चांगली रीत आहे. चाहत्याने पत्रासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले परतीचे पाकीट पाठवायचे, म्हणजे समोरच्याला भुर्दंड नको. जर्मनीत तर कलावंत आणि खेळाडू सहीसाठी खास कार्डे छापून ठेवतात आणि मागणाऱ्याला फुकट पाठवतात. पण १९९५ साली ईबे ही लिलावाची सोय अमेरिकेत सुरू झाली आणि घरबसल्या जगभर माल विकणे सोपे झाले. मग सहीचा बाजार फुगला.

चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग पूर्वी सह्या देत. आपल्या सह्या मोठ्या किमतीला विकल्या जातात आणि बाजारात खोट्या सह्याही फिरतात, हे पाहून त्यांनी १९९४ पासून सही देणे बंद केले. २०१२ साली ते वारले, तोवर तो नियम त्यांनी पाळला. बीटल्समधले रिंगो स्टार यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये जाहीरच करून टाकले की २० ऑक्टोबरनंतर आलेल्या वस्तूंवर सही होणार नाही, आलेले सामान टाकून दिले जाईल.

यात नुकसान कोणाचे झाले? व्यापाऱ्याचे नाही. तो दुसरे नाव शोधतो. नुकसान झाले ते आकाशाकडे बघून अंतराळवीर व्हायचे स्वप्न पाहणाऱ्या शाळकरी पोराचे. त्याने मनापासून लिहिलेले पत्रही खोट्या पत्रांच्या ढिगात गेले. खोटा चाहता मॉडेलचे चार पैसे बुडवतो, पण खऱ्या चाहत्याची वाट कायमची बंद करतो. हा त्याचा मोठा गुन्हा.

फुकट सही मिळेनाशी झाली की खोटी सही तयार होते. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने १९९० च्या दशकात 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढून खोट्या सह्या करणाऱ्या टोळ्या पकडल्या. जप्त मालात मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉलचा चेंडूही निघाला! कोलकात्यात रुग्णसेवा करणाऱ्या मदर अमेरिकेतल्या चेंडूवर सही करीत बसल्या, यावर गिऱ्हाइकाने विश्वास ठेवावा, ही व्यापाऱ्याची अपेक्षा. पुढे कॅलिफोर्निया राज्याने जानेवारी २०१७ पासून सहीच्या वस्तू विकणाऱ्यावर खरेपणाचा दाखला देण्याचे बंधन घातले. 'स्टार वॉर्स' चित्रपटांतले नट मार्क हॅमिल यांनी त्या कायद्याला पाठिंबा दिला होता.

आपल्या देशातलेही एक उदाहरण घ्या. गांधीजी सहीसाठी पाच रुपये घेत आणि ते हरिजन फंडाला देत. त्या फंडाविषयी आणि त्या नावाविषयीही आपले मतभेद आहेत व राहतील. परंतु आपल्या सहीची किंमत आपणच ठरवायची आणि ती कुठे जाईल हेही आपणच ठरवायचे, एवढा व्यवहार त्यातून घेण्यासारखा आहे.

पत्त्याचा धोका

पैशापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे, ती मुलींच्या आईवडिलांनी लक्षपूर्वक वाचावी. फोटोचे पाकीट पाठवताना मागच्या बाजूला आपण आपला पत्ता लिहितो. ज्याला फोटो विकायचा नसतो, त्याला कधी कधी हा पत्ताच हवा असतो.

रिबेका शेफर ही अमेरिकेतली तरुण अभिनेत्री. शाळकरी वयात तिने मॉडेलिंग केले, पुढे दूरदर्शन मालिकेत नाव मिळवले. एक तरुण तिला पत्रे लिहीत असे. तिने भलेपणाने त्याला उत्तर पाठवले होते, सही दिली होती. त्या तरुणाने खाजगी गुप्तहेराला पैसे देऊन वाहन परवाना खात्याच्या नोंदीतून तिच्या घराचा पत्ता काढला. १८ जुलै १९८९ रोजी तो लॉस एंजेलिसला तिच्या दारात उभा राहिला. तिने पाठवलेले पत्र आणि सही त्याने तिला दाखवली. "पुन्हा घरी येऊ नका," असे तिने सांगितले. तो गेला, थोड्या वेळाने परत आला आणि त्याने तिला गोळी घातली. ती २१ वर्षांची होती.

तिचा यात काडीचाही दोष नव्हता. उत्तर देणे हा गुन्हा नाही. दोष मारणाऱ्याचा आणि पैसे टाकताच बाईचा पत्ता हाती देणाऱ्या व्यवस्थेचा. या खुनानंतर कॅलिफोर्नियाने १९९० साली पाठलाग करून छळणाऱ्यांविरुद्ध कायदा केला आणि १९९४ साली वाहन परवान्याच्या नोंदीतली खाजगी माहिती जपण्याचा कायदा साऱ्या अमेरिकेसाठी झाला. एका मुलीच्या जिवावर हे शहाणपण आले. आपल्याला ते फुकट मिळत आहे, तर घ्यावे.

काय करावे?

१) सही द्यायचीच तर घेणाऱ्याचे नाव घालून द्यावी. "चि. अमुक यास शुभेच्छा" असे फोटोवर लिहावे. खरा चाहता आनंदेल, खोटा पुन्हा पत्र पाठवणार नाही.

२) एकाला एकच फोटो. जास्त हवे असतील तर किंमत सांगावी, छपाई आणि टपालासकट.

३) "माझा कोणता फोटो आवडला, कुठे पाहिला?" असे उलट विचारावे. पुष्कळ चाहते एवढ्यावरच गप्प होतात.

४) पत्रातली दोन वाक्ये जशीच्या तशी इंटरनेटवर शोधून पाहावीत. तीच वाक्ये दुसऱ्या मुलींना गेलेली कधी कधी सापडतात. त्याच क्षेत्रातल्या मैत्रिणींनाही विचारावे.

५) घरचा पत्ता पाकिटावर लिहू नये. टपाल कार्यालयातली पेटी किंवा ज्यांच्यामार्फत काम मिळते त्यांच्या कार्यालयाचा पत्ता वापरावा.

६) बँकेत जी सही करता ती फोटोवर कधीही करू नये. चेकवरची सही जुळली की पैसे सुटतात, हे आम्ही कचेरीतल्या टेबलावर रोज पाहतो. चाहत्यांसाठी सहीचे वेगळे वळण ठेवावे आणि कोऱ्या कागदावर तर काहीच लिहून देऊ नये.

७) पोहण्याच्या पोशाखातले किंवा तसले विशिष्ट फोटो मागणाऱ्याला उत्तरच देऊ नये. निरोप जपून ठेवावा आणि घरात सांगावे. पुन्हा पुन्हा त्रास झाला तर पोलिसांकडे जावे. सायबर तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

आणि आईवडिलांनीही एक पथ्य पाळावे. मुलीने असे पत्र दाखवले तर "तुला कोण विचारतंय?" असे म्हणून तिला हिणवू नये. ज्या घरात हिणवले जाते, त्या घरात पुढचे पत्र दाखवले जात नाही. कौतुक तिने कमावले आहे, ते घरातूनच मिळाले तर परक्याच्या गोड शब्दांची भूक उरत नाही.

आपल्या आज्या-पणज्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठवले. कागदावर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते आणि त्या एका अंगठ्यापायी शेत गेले, घर गेले. त्यांच्या नातीच्या हातात आज लेखणी आहे, आणि तिची सही कोणीतरी मागते आहे, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. तिने सही जरूर द्यावी. मात्र कागद वाचून, माणूस ओळखून आणि त्याचे नाव घालून द्यावी.