प्रश्न बाटलीचा की रजेचा?

मुंबई - बाळंतपणाची रजा संपत आली, की अनेक घरांत एकच चिंता सुरू होते. जन्मापासून केवळ अंगावर पिणारे बाळ बाटली तोंडात घेत नाही, मान फिरवते, रडून घर डोक्यावर घेते; आणि आईची कामावर हजर होण्याची तारीख तर जवळ येत असते. ही अडचण वरकरणी घरगुती, एखाद्या अनुभवी आजीच्या सल्ल्याने सुटणारी वाटते. प्रत्यक्षात तिची मुळे आरोग्य धोरण आणि कामगार कायदा यांच्यातील विसंगतीत आहेत.

रजेचे गणित

पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी पाणीही देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना आणि भारत सरकार या दोघांचेही सांगणे आहे. २०१७ मध्ये प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे करण्यात आली, तेव्हा हे दोन्ही आकडे जुळल्याचे समाधान व्यक्त झाले. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. परंतु यांतील आठ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वी घेता येते. ती पूर्ण घेतली, तर प्रसूतीनंतर १८ आठवडेच उरतात. म्हणजे आई कामावर परतते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. दोन हयात अपत्ये असलेल्या महिलेला तर पुढच्या बाळंतपणासाठी १२ आठवड्यांचीच रजा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच गणित कायम आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बालके केवळ आईच्या दुधावर असल्याचे आढळले. मागील फेरीतील ५४.९ टक्क्यांच्या तुलनेत ही प्रगती लक्षणीय आहे. मात्र बाळाचे वय वाढते तसे हे प्रमाण उतरत जाते.

सल्ल्याची पोकळी

बाटलीबाबत सरकारची भूमिका कठोर आहे, आणि तिला कारण आहे. नीट न उकळलेल्या बाटलीतून अतिसार होतो, हे बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे पाहत आले आहेत. १९९२ चा कायदा आणि त्यातील २००३ ची दुरुस्ती यांनी दुधाची भुकटी व बाटल्या यांच्या जाहिराती आणि मोफत नमुने यांवर बंदी घातली. विक्रीवर मात्र बंदी नाही. त्यामुळे बाटली दुकानात सहज मिळते; ती केव्हा, कशी द्यावी आणि तिच्याऐवजी काय वापरावे, हे सांगणारे मात्र फार थोडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये आपल्या दहा सूत्रांत बदल केला. कृत्रिम निप्पल देऊच नये, या जुन्या वाक्याच्या जागी मातांना बाटलीचा वापर आणि तिचे धोके समजावून सांगावेत, असे वाक्य आले. हा बदल प्रसूतिगृहाच्या दारापर्यंत पोहोचण्याची गरज आहे.

बाळ बाटली का नाकारते, याचे उत्तर सोपे आहे. अंगावर पिताना जीभ आणि जबडा यांचे काम वेगळे असते, दूध बाळाच्या चोखण्यानुसार येते. बाटलीचे निप्पल वेगळे आणि दुधाची धारही वेगळी. शिवाय आईचा वास जवळ असताना दुसऱ्या मार्गाने दूध का प्यावे, हे बाळाला कळत नाही. म्हणून कामावर जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करावी. काढलेले दूध आईऐवजी वडिलांनी किंवा आजीने पाजावे आणि त्या वेळी आईने दुसऱ्या खोलीत थांबावे. बाळ भुकेने कासावीस होण्यापूर्वीच, त्याचे डोके उंच धरून, सावकाश दूध येणारे निप्पल ओठांना लावावे. बळजबरी करू नये. नाकारले, तर काही वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.

बाटली हाच एकमेव मार्गही नाही. वाटी-चमचा किंवा जुन्या घरांतील बोंडले स्वच्छ करण्यास सोपे, आणि डॉक्टरांचाही कल त्याकडेच असतो. काढलेले दूध साधारण तापमानाला सुमारे चार तास टिकते, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी. ते थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करावे. दिवसा कमी पिणारे बाळ अनेकदा रात्री आईकडून भरपाई करून घेते. तेव्हा दूध आटले, असा तर्क करून घाईने वरचे दूध सुरू करण्याचे कारण नाही.

पाळणाघर कागदावरच?

बाळ कामाच्या ठिकाणाजवळच असते, तर यातील बरीच धडपड टळली असती. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता यावे, अशी तरतूद आहे. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी रोज दोन वेळा सवलतही आहे. पण तासा-दीड तासाचा लोकल प्रवास करणाऱ्या आईला, बाळ घरी असताना, या सवलतीचा उपयोग काय? दूध काढण्यासाठी कडी असलेली स्वच्छ खोली नसल्याने ही वेळ अनेकींना स्वच्छतागृहात काढावी लागते. बाळाच्या ओढीने रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीच्या नावाने एसटी स्थानकांत कक्ष उभे राहिले. कार्यालयांत आणि कारखान्यांतही ते हवेत.

घरकामगार, बांधकाम मजूर, ऊसतोड कामगार यांना तर ही पगारी रजाही मिळत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी मिळणारे ५ हजार रुपये १८२ दिवसांवर विभागले, तर दिवसाला सुमारे २७ रुपये होतात. एवढ्यावर मजुरी बुडवून घरी बसणे कोणाला परवडेल? फडावर जाणाऱ्या आईचे तान्हे मोठ्या भावंडाच्या हवाली होते, आणि स्वच्छ पाणी, इंधन यांच्या टंचाईत बाटली उकळण्याचा सल्ला तिथे निरर्थक ठरतो.

आईचे दूध सर्वोत्तम, ही घोषणा खरीच आहे. परंतु ते दूध बाळापर्यंत पोहोचावे यासाठी वेळ, जागा आणि मजुरीची हमी लागते. प्रसूतीनंतरचे २६ आठवडे पूर्ण मिळावेत, पाळणाघरांची तपासणी व्हावी आणि असंघटित मातांना मजुरीशी निगडित मदत मिळावी. हे होत नाही तोवर, बाळ बाटली घेत नाही, याचा दोष आईच्या पदरात टाकण्याचा अधिकार कोणालाच नाही.