मौन सोडावयास हवे

शाळेच्या वार्षिकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. आम्हा विद्यार्थिनींचे मत असे, की अवश्य लिहावे. कारण या रोगाचे मूळ विषाणूत असले, तरी तो बळावतो तो आपल्या मौनामुळे.

एच.पी.व्ही. नावाचा विषाणू शरीरात दीर्घकाळ टिकून राहिला, तर हा रोग उद्भवतो. पण त्यास बहुधा १५ ते २० वर्षे लागतात. या अवधीत साध्या तपासणीने धोका ओळखता येतो व कर्करोग होण्यापूर्वीच उपचार करता येतात. परंतु तेव्हा वेदना नसते, म्हणून स्त्री तपासणीस जात नाही. आणि पुढे अवेळी रक्तस्राव होऊ लागला, तरी संकोचाने ती कोणास सांगत नाही.

आपल्यापैकी अनेकांची कुटुंबे महाराष्ट्रातून सुरतेस आली. त्यांनी तेथीलच एक उदाहरण ध्यानी घ्यावे. बार्शीचे कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्याने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटासाठी या विषाणूच्या एकाच तपासणीची सोय केली होती, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू तपासणी नसलेल्या गटाच्या सुमारे निम्मे होते. खेड्यातील स्त्रियांनी संकोच बाजूस सारला, मग शहरातील आपण मागे का राहावे?

मुलींसाठी तर लसही आहे. ९ ते १४ हे वय तिला विशेष योग्य मानतात. पुण्याच्या सीरम संस्थेची 'सर्व्हाव्हॅक' ही लस २०२३ पासून उपलब्ध आहे. मात्र लस घेतली, तरी पुढे योग्य वयात तपासणी टाळू नये.

आमच्या माता पहाटे उठून डबे करतात, दिवसभर साड्यांना खडे लावतात आणि स्वतःचे दुखणे उद्यावर ढकलतात. नवी सिव्हिल, स्मीमेर यांसारखी सार्वजनिक रुग्णालये याच शहरात आहेत. बंधुभगिनींनो, हा लेख आज घरी मोठ्याने वाचा आणि आईला विचारा, "तू तपासणीस केव्हा जाणार? मी बरोबर येते." या एका प्रश्नाने घरातील मौन सुटेल.