कारखाना गेला, हप्ता राहिला

२५ डिसेंबर २०२३ रोजी आपल्या इंदूरच्या हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकबाकीपोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला. मिल बंद पडून तेव्हा तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. सुमारे ४,८०० कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना याचा लाभ होणार होता. आनंद आम्हालाही झाला. पण एक हिशेब मनातून जाईना. पगार थांबला तेव्हा ज्याची मुलगी पाचवीत होती, त्याच्या हाती पैसे येईपर्यंत तिचीच मुलगी पाचवीत गेली असेल. आणि ‘वारसांना’ या एका शब्दात किती घरांचे दुःख मावले आहे!

हुकुमचंद मिल काही परदेशी गेली नव्हती, तिच्या बंद पडण्याची कारणे वेगळी होती. पण आजचा कारखानदार जिथे स्वस्त पडेल तिथे उत्पादन हलवतो. उद्या आपल्याकडचे काम दुसऱ्या देशात गेले तर कामगाराने पुन्हा तीस वर्षे थांबायचे काय? म्हणून या प्रश्नावर ज्यांनी आधी कायदा केला, त्या अमेरिकेकडे पाहू.

अध्यक्ष केनेडी यांच्या काळात, १९६२ च्या व्यापारविषयक कायद्यात, परदेशी मालामुळे रोजगार गमावणाऱ्यांसाठी मदतीची तरतूद झाली. विचार साधा होता. खुल्या व्यापाराचा फायदा साऱ्या देशाला होतो, पण त्याची किंमत एखाद्या गावातला एखादा कारखानाच मोजतो. तेव्हा साऱ्या देशाने त्याला हात द्यावा. ही भीक नव्हे, देणे आहे.

मात्र अटी इतक्या कडक की १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही! १९७४ च्या कायद्याने अटी सैल केल्या. एका कारखान्यातले तीन कामगार मिळूनही अर्ज करू शकत. अर्ज मंजूर झाला की बेकारीभत्ता संपल्यावरही दर आठवड्याला पैसे, नव्या कामाच्या शिक्षणाचा खर्च, दुसऱ्या गावी नोकरी मिळाल्यास बिऱ्हाड हलवण्यास मदत. २००२ पासून पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक सोय झाली. नवी नोकरी कमी पगाराची असेल, तर फरकाची निम्मी रक्कम दोन वर्षे सरकार देई. तिला कमाल मर्यादा होती, पण उतारवयात नवे काम धरणाऱ्याला तेवढाही आधार मोठा.

२००९ मध्ये ही मदत सेवाक्षेत्रालाही लागू झाली, आणि काम कोणत्याही देशात गेले तरी मिळू लागली. इथे आपला संबंध येतो. आपली मुले पुण्या-हैदराबादला संगणकावर जे काम करतात, त्यातले काही तिथल्या कुणाच्या टेबलावरून आलेले आहे. आपल्या घरी पेढे वाटले गेले, त्या दिवशी तिकडे कुणाची तरी चूल थंडावली असेल. हे चक्र फिरते आहे, उद्या ते आपल्या दारीही येईल.

या योजनेतही दोष होते. अनेकांना ती ठाऊकच नव्हती. शेवटी अमेरिकी संसदेने तिची मुदत वाढवली नाही आणि १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर होणे थांबले. साठ वर्षांची व्यवस्था नुसत्या तारखेने संपली. यातून एक धडा घ्यावा. कामगाराचा हक्क मुदतीच्या योजनेत नको, कायमच्या कायद्यात हवा.

आपल्याकडे काय आहे? छाटणी झाल्यास सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, ही आधी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात असलेली भरपाई. २०१८ साली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. ती कर्मचारी राज्य विमा योजनेतल्या कामगारांपुरती, नव्वद दिवसांची आणि आयुष्यात एकदाच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे, त्यात मालकाने छाटणी झालेल्या प्रत्येक कामगारामागे पंधरा दिवसांचा पगार भरायचा. पण पंधरा दिवसांच्या पगारात चाळिशीच्या माणसाने कोणता नवा धंदा शिकावा?

गंमत अशी, की कायम बंद पडलेल्या कापड गिरण्यांतील कामगारांसाठी १९८६ साली केंद्राने जी पुनर्वसन योजना आणली, तिच्यात पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत होती. म्हणजे शहाणपण आपल्याकडेही होते. ती योजना २०१७ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन झाली.

आमची उमर बँकेच्या काउंटरमागे गेली. तिथे एक गोष्ट पक्की कळते. कर्जाचा हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला येतो, तो लवादासाठी थांबत नाही. तीस वर्षांनी आलेले लाख रुपये आणि पहिल्याच महिन्यात आलेले पाच हजार यांत संसार वाचवतात ते पाच हजारच.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात. मदत कारखाना बंद झाल्याच्या महिन्यातच सुरू व्हावी. १९८६ च्या धर्तीवर ती तीन वर्षे, उतरत्या प्रमाणात मिळावी. पन्नाशीपुढच्यांना पगारातल्या फरकाची काही भरपाई असावी. आणि ठेकेदारामार्फत राबणाराही त्यात धरला जावा. परदेशांशी व्यापार करार करताना निर्यातीचे आकडे मांडले जातात, तसा ज्यांचे काम जाईल त्यांचा खर्चही त्याच कागदावर मांडावा.

निवडणुकीत मते मागायला सगळेच पक्ष गिरणी भागात फिरतात. पुढच्या वेळी आपल्या मंडळात कुणी आले, तर हार घालण्याआधी हे चार मुद्दे त्याच्या हातात ठेवावेत. तोवर, भविष्यनिर्वाह निधी आणि विम्याचे अर्ज भरून देण्यासाठी मंडळाच्या कार्यालयात रविवारी सकाळी एक तास बसायची आमची तयारी आहे. आणखी दोघे-तिघे आले तर काम चालू होईल.