आधी प्लग बघा, मग स्क्रू पिळा!

मंडळी, मोटारसायकल काळा धूर सोडायला लागली, ॲव्हरेज पडलं, की आपले बरेचसे मेकॅनिक पहिलं काय करतात? कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळतात. नाहीच जमलं तर ‘नवीन टाका काका’! वही न तपासता मुलाला नापास करणारा मास्तर आणि हे, यांत मला तरी फरक दिसत नाही.

अहो, आधी स्पार्क प्लग काढून बघा. त्यावर कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. ओलसर, तेलकट काळा असेल आणि धूर निळसर, तर इंजिनात ऑइल जळतंय. कार्ब्युरेटर बिचारा निर्दोष! काजळी कोरडीच निघाली, तर चोक ओढलेलाच अडकलाय का, एअर फिल्टर चोंदलाय का, फ्लोटची सुई गळते का, हे क्रमाने बघा. त्या स्क्रूचा अंमल मुख्यतः आयडलिंगवर. भरधाव गाडी धूर सोडत असेल तर तो पिळून काय उपयोग?

२०२० साली बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांत बहुतेक इंजेक्शनच बसलं. पण जुन्या गाडीवर पोट असणाऱ्यांनी नुसत्या अंदाजापायी नव्या कार्ब्युरेटरचे पैसे का मोजायचे? प्लग बघायला पाच मिनिटं लागतात हो!