पंधरा दिवसांची जमावबंदी, बारा महिने

जिल्ह्याजिल्ह्यांत पत्रकारांकडे ठरावीक दिवसांनी एक प्रेसनोट येते. मजकूर तोच, फक्त तारखा बदललेल्या. कायदा व सुव्यवस्था अबाधित राहावी म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ (१) व (३) अन्वये जिल्ह्यात मनाई आदेश लागू. कारणं काय, तर येणारे सण, जयंत्या, पुण्यतिथ्या आणि पक्ष-संघटनांची संभाव्य आंदोलनं. पेपरात आतल्या पानावर सिंगल कॉलम लागते, कुणी वाचत नाही. वाचायला पाहिजे मंडळी. राज्यघटनेच्या कलम १९ नं शांततेनं, विनाशस्त्र एकत्र जमायचा जो हक्क तुम्हाला दिलाय, तो त्या सिंगल कॉलममध्ये काढून घेतलेला असतो.

आता हे पंधरा-पंधरा दिवसांचंच का? कारण कायद्यात तसं लिहिलंय. सभा-मिरवणुकीवरची बंदी पंधरा दिवसांच्या वर ठेवायची तर राज्य सरकारची मंजुरी लागते. हेतू सरळ आहे. एका अधिकाऱ्यानं आपल्या सहीनं अख्ख्या जिल्ह्याला फार काळ गप्प बसवू नये. यावर प्रशासनानं तोड काढली. पंधरावा दिवस संपला की सोळाव्या दिवशी नवा आदेश. तो संपला की आणखी एक. कायदा मोडला असं म्हणता येत नाही, आणि बंदी वर्षभर चालू राहते. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकारी सही करतात, आयुक्तालय असेल तिथं पोलीस आयुक्त.

आदेशात कशाकशाला बंदी असते ते एकदा नीट वाचा. तलवारी, भाले, बंदुका, दगड जमा करणं, हे कुणालाही पटेल. पण त्याच यादीत पुढे जाहीर घोषणा देणं आहे. गाणी म्हणणं आहे, वाद्यं वाजवणं आहे. पुतळे, प्रतिमा यांचं प्रदर्शन आहे. एवढंच काय, हावभाव आणि नकलासुद्धा आहेत! कायद्यातली मूळ तरतूद शांतता बिघडवणाऱ्या, सभ्यता सोडणाऱ्या गोष्टींसाठी आहे, पण बिघडवणारी कोणती हे ठरवणार साहेब. म्हणजे पीकविम्याचे पैसे मिळाले नाहीत म्हणून पाच शेतकऱ्यांनी तहसीलसमोर उभं राहून घोषणा दिल्या, की तलवार घेऊन फिरणारा आणि ते एकाच आदेशात बसले.

हा आदेश सगळ्यांना सारखा लागू झाला असता तर निदान तेवढं तरी समाधान असतं. पण तो अंमलात असतानाच चौकाचौकात नेत्यांच्या वाढदिवसाला रात्री बारा वाजता केक कापले जातात, तेही तलवारीनं. जेसीबीतून फुलं उधळली जातात. डीजेच्या भिंती उभ्या राहतात, रस्ता दोन-दोन तास बंद. तेव्हा जमाव दिसत नाही. जमाव दिसतो तो रिकामे हंडे घेऊन नगरपालिकेवर आलेल्या बायकांचा, मानधन थकलेल्या अंगणवाडी सेविकांचा, किंवा कांद्याची माळ गळ्यात घालून आलेल्या शेतकऱ्यांचा. या मंडळींवर कलम १३५ चा गुन्हा पडतो आणि मग वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा. मजुरी बुडवून, एसटीनं. शिक्षा व्हायची गरजच उरत नाही, ते हेलपाटेच शिक्षा असतात.

नोटिशीचा प्रकार याहून भारी. पूर्वी १४९ ची नोटीस म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १६८ झालं. मंत्री येणार म्हटलं की आदल्या संध्याकाळी कार्यकर्त्याच्या घरी पोलीस हजर. तुमच्याकडून अनुचित प्रकार घडल्यास तुम्हाला जबाबदार धरण्यात येईल, सही करा. त्या कलमात नोटीस हा शब्दच नाही! दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी पोलिसांनी हस्तक्षेप करावा एवढंच त्यात आहे. निवेदन द्यायला जाणं हा कुठला दखलपात्र गुन्हा? आणि सकाळी तरीही उचलून नेतात. दिवसभर ठाण्यात बसवतात, चहा-बिहा पाजतात, मंत्र्यांचा ताफा जिल्ह्याबाहेर गेला की सोडतात. रेकॉर्डवर अटकसुद्धा बऱ्याचदा येत नाही. काही कार्यकर्त्यांना आता त्याचं काही वाटेनासं झालंय, हसत हसत जीपमध्ये बसतात. मला ते हसू जास्त टोचतं.

न्यायालयं यावर बोललीच नाहीत असं नाही. २०२० च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर बीड जिल्ह्यातलं प्रकरण आलं. माजलगावात लोकांना नागरिकत्व कायद्याविरोधात शांततेनं धरणं धरायचं होतं. पोलिसांनी परवानगी नाकारली, आधार हाच, कलम ३७ चा आदेश. खंडपीठानं तो आदेश आणि पोलिसांचा नकार, दोन्ही रद्द केले. आदेश दिसायला सगळ्यांसाठी असला तरी प्रत्यक्षात आंदोलकांसाठीच काढलाय, हे न्यायमूर्तींनी स्पष्ट नोंदवलं. एखाद्या कायद्याला विरोध केला म्हणून कुणी देशद्रोही ठरत नाही, असंही म्हटलं. त्याच्या महिनाभर आधी सर्वोच्च न्यायालयानं अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं होतं की कलम १४४ चे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, आणि न्याय्य तक्रार दाबायला ते वापरता येणार नाहीत. १४४ आणि ३७ ही कलमं वेगळी, पण तर्क एकच. आणि अगदी मागे जायचं तर १९७२ साली घटनापीठानं हिंमतलाल शहा खटल्यात याच मुंबई पोलीस कायद्याखालचा नियम तपासला होता. रस्त्यावरच्या सभेवर नियम घाला, पण सभाच नको असं म्हणता येणार नाही, असा तो निकाल. इतके निकाल असूनही प्रेसनोट पुढच्या पंधरवड्यात येतेच.

काही जण म्हणतील, दंगली होतात त्याचं काय? होतात. गावात खरोखर तणाव असेल, दोन गट समोरासमोर असतील, तर चार दिवस जमावबंदी लावा, त्या गावात लावा, कारण लिहून लावा. त्याला माझा विरोध नाही. पण एखाद्या गावात भांडण आणि अख्ख्या जिल्ह्यात बंदी, किंवा कुठंच काही नाही आणि तरी बंदी, याला सुव्यवस्था कसं म्हणायचं?

लोकांना त्रास होतो हे दुसरं कारण. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी, आदिवासी पायी मुंबईत आले. दहावीची परीक्षा चालू होती. मुलांना अडचण नको म्हणून रक्ताळलेल्या पायांनी ते मध्यरात्री सोमय्या मैदानातून निघाले आणि पहाटे आझाद मैदानावर पोहोचले. त्यांना रस्त्यावर येऊ दिलं म्हणून सरकारला लेखी आश्वासन द्यावं लागलं. आज त्याच मोर्च्याला नाशिकमध्येच १६८ ची नोटीस मिळाली असती, असं मला वाटतं.

आणि यावर कळस जनसुरक्षा विधेयकाचा. जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. विधानसभेत विरोधात ठाम उभा राहिला तो एकटा आमदार, माकपचे विनोद निकोले. बाकीच्या विरोधकांना जाग आली ती नंतर. विधेयकातली बेकायदेशीर कृत्याची व्याख्या वाचा. सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणण्याकडे कल असलेलं कृत्यही त्यात बसतं, कायदा न पाळायला प्रोत्साहन देणंही बसतं. गुन्हे अजामीनपात्र. हे फक्त कडव्या डाव्या संघटनांसाठी आहे असं सांगतात. असेल. पण मनाई आदेशही तलवारवाल्यांसाठीच होता ना?

सत्ता कुणाचीही असो, ही प्रेसनोट थांबलेली नाही, त्यामुळे यात कुणी आपला झेंडा घुसवू नये. विरोधात असताना जमावबंदीवर गळा काढणारे सत्तेत गेले की तीच फाइल पुढे सरकवतात.

करता येण्यासारखं काय आहे? परवानगी नाकारली तर तोंडी ऐकून घरी येऊ नका, नकार लेखी मागा, कारणांसह. मनाई आदेशाची पूर्ण प्रत मागा, नाही दिली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. गेल्या दोन वर्षांत आपल्या जिल्ह्यात असे किती आदेश निघाले, प्रत्येकाचं कारण काय होतं, त्याखाली कुणावर गुन्हे दाखल झाले आणि सत्ताधाऱ्यांच्या किती मिरवणुकांवर झाले, एवढे चार प्रश्न. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. मी माझ्या जिल्ह्याचा अर्ज तयार केलाय, नमुना हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पाठवतो. उत्तरं आली की जिल्ह्यानुसार इथंच टाकू.