मेण नाही, तर बाटिक नाही

मेटगळ्ळी ही म्हैसूरची कारखान्यांची वस्ती. कृष्णराजसागराच्या रस्त्यावर टायरचा कारखाना, आजूबाजूला औद्योगिक वसाहत. इथल्या कितीतरी घरांच्या चुली यंत्रांवर पेटतात, तेव्हा यंत्राला नावं ठेवायला मी बसलेली नाही. माझं भांडण एका नावासाठी आहे. प्रदर्शनांत, दुकानांत, लग्नाच्या बस्त्यात यंत्रावर छापलेलं तपकिरी-निळं कापड ‘जावा बाटिक’ म्हणून पुढे केलं जातं. हटकलं की ठरलेली उत्तरं येतात. ती विक्रेत्यांपुरती राहिलेली नाहीत, चांगली जाणती माणसंही तीच देतात.

नक्षी तीच आहे, मग कापडही तेच, हे पहिलं उत्तर. म्हैसुरात तरी ते कुणी देऊ नये. नाल्वडी कृष्णराज वडेयरांच्या काळात, 1912 साली उभ्या राहिलेल्या इथल्या रेशीम कारखान्याच्या साडीवर ओळख क्रमांक असतो. तसाच रंग, तसेच काठ असलेली दुसरीकडची साडी कोणी ‘म्हैसूर सिल्क’ म्हणून खपवू लागला, तर इथला ग्राहक ती बाजूला सारतो. हा न्याय आपल्या रेशमाला लावायचा आणि जावाच्या सुती कापडाला नाकारायचा, हे बरोबर नव्हे.

बाटिकमध्ये काय घडतं ते पाहा. ‘चांतिंग’ नावाची तांब्याची, बारीक तोटीची कुपी वितळलेल्या मेणात बुडवायची आणि कापडावर रेघ ओढायची. मग कापड उलटं करून तीच रेघ मागूनही भरायची, म्हणजे रंग कुठूनही शिरू नये. त्यानंतर निळीचं पाणी. मग काही भागातलं मेण खरवडायचं, काही भाग नव्याने झाकायचा आणि सालींपासून काढलेल्या तपकिरी ‘सोगा’ रंगात पुन्हा बुडवायचं. शेवटी उकळत्या पाण्यात सगळं मेण उतरवायचं. छपाईत रंग जिथे हवा तिथे ठेवतात. इथे कारागीर आधी ठरवतो की रंग कुठे पोचता कामा नये. प्रत्येक बुडवणीपूर्वी पुढच्या रंगाचा विचार करावा लागतो. बारीक कामाच्या एका कापडाला महिनोन्महिने लागतात ते यामुळे. छापील कापडात यातलं काहीच घडलेलं नसतं.

आणि नक्षी ‘तीच’ कुठे असते? जावात नक्षी कोण, कधी नेसणार यावर ठरत आली. ‘परांग’ म्हणजे तिरप्या पट्ट्यांत एकमेकींत गुंतलेली वळणं, ‘कावुंग’ म्हणजे चार-चारांनी मांडलेले लंबगोल. 1755 साली मातारामचं राज्य दुभंगून सुराकार्ता आणि योग्यकार्ता हे दोन दरबार झाले. तिथे परांग रुसाकसारख्या काही नक्षी राजघराण्याबाहेर कोणी नेसू नयेत, असा दंडक होता. लहान ताऱ्यांची ‘त्रुंतुम’ नक्षी लग्नात वधूवरांचे आईवडील नेसतात, ‘सिदो मुक्ती’ वधूवर. या अर्थांसकट 2009 साली युनेस्कोने बाटिकला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. उशीच्या अभ्र्यावर परांग छापणाऱ्याला तो अर्थ ठाऊकही नसतो.

दुसरं उत्तर असं, की कापडावर तडे दिसतात ना, मग बाटिकच. हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. उज्जैनच्या भैरूगढच्या कापडावर मेण मुद्दाम चुरगळून तडे पाडतात. ती तिथली स्वतंत्र शैली आहे आणि तिचं मेण खरं आहे, तिच्याशी माझा वाद नाही. पण जावाचा कसबी कारागीर तडा गेला तर त्याला दोष मानतो. एकोणिसाव्या शतकात डच कारखानदारांनी यंत्रावर नकली बाटिक काढून जावात विकायला नेलं. त्यावर तड्यांच्या रेघा उमटत. जावाच्या गिऱ्हाइकाला त्या रुचल्या नाहीत. तेच कापड पुढे पश्चिम आफ्रिकेत खपलं, कारण तिथे त्या रेघा आवडल्या. तेव्हा ज्या खुणेमुळे जावाने माल नाकारला, तीच खूण आज आपण जावाच्या अस्सलपणाचा पुरावा म्हणून दाखवतो आहोत.

तिसरं उत्तर अभिमानाचं आहे: बाटिक मुळात आपलंच, इथूनच तिकडे गेलं, तेव्हा त्याचं काय करायचं ते आपण ठरवू. इथून गेलं ते पाटणचं पटोलं. डच कंपनीने ते जावात नेलं, तिथल्या दरबारांना ते प्रिय झालं आणि पेकालोंगानच्या ‘जलामप्रांग’ नक्षीत त्याची छाया अजून दिसते. पण पटोलं विणण्याआधी सूत रंगवून होतं, त्यात मेण नाही. मेणाने रंग अडवण्याची युक्ती चीनमधल्या मियाओ लोकांतही आहे. तेवढ्यावरून मूळ सांगायला बसलं, तर कुणाचाच दावा टिकायचा नाही. उलट 1927 साली रवींद्रनाथ जावाला गेले, चित्रकार सुरेंद्रनाथ कर सोबत होते, आणि त्यानंतर शांतिनिकेतनात बाटिक रुजलं. आजच्या भारतीय बाटिकवर हे उघड ऋण आहे. ते मान्य करण्यात कमीपणा कसला?

मेणाचा अभिमान मराठी माणसाला बाळगायचाच असेल, तर त्याला स्वतःचं, खरं ठिकाण आहे. कुंभकोणमजवळच्या कोडालिकरुप्पूर गावी तंजावरच्या भोसल्यांसाठी साड्या होत. विणतानाच जरीची नक्षी भरायची, मग कलमाने मेणाच्या रेघा ओढून गडद तांबड्या रंगात कापड रंगवायचं. मेणाखालची बारीक पांढरी रेघ आणि आतून चमकणारी जर, असं ते वस्त्र राजघराण्यासाठीच असे. मराठ्यांच्या इतर दरबारांतही ते मानाने जाई. 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे वारले, गादी संपली आणि आश्रय तुटताच ती कला विझली. तिचे नमुने आता संग्रहालयांत पाहायचे. जावाचं बाटिक आपलं म्हणणाऱ्या किती जणांनी करुप्पुरीचं नाव घेतलं आहे? परक्याच्या कलेवर हक्क सांगताना घरची कला विस्मरणात जावी, याचा मला मनापासून राग येतो.

उरलं शेवटचं उत्तर, आणि त्यात तथ्य आहे: हाताचं बाटिक परवडत नाही. नसेलच परवडत. त्यावर जावानेच एकोणिसाव्या शतकात तोड काढली. तांब्याच्या पट्ट्यांचा ‘चाप’ नावाचा ठसा केला, तो मेणात बुडवून कापडावर मारला. काम झपाट्याने होऊ लागलं, किंमत उतरली, आणि ते कापड बाटिकच राहिलं, कारण रंग अजून मेणच अडवत होतं. इंडोनेशियाच्या सरकारी ‘बाटिकमार्क’ चिठ्ठीत हाताच्या कामाला सोनेरी रंग आहे, ठशाच्या कामाला वेगळा. म्हणजे स्वस्त मालालाही तिथे जागा आहे, फक्त त्याने आपली जात लपवायची नाही. इथल्या दुकानदारांनी ‘बाटिक नक्षीची छपाई’ अशी पाटी लावावी आणि खुशाल विकावं. त्या किमतीला ते कापड वाईट नाही. आणि घेणाऱ्याने पदर उलटून पाहावा. मागची बाजू फिकी दिसली, तर हात, ठसा की यंत्र, हे विचारावं, आणि उत्तर पावतीवर लिहून मागावं.